वायरशार्क ४.४ वर जाताना : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर २०२४

२ सप्टेंबर, सोमवार

वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेट (माहितीचे तुकडे) पकडून उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचं ४.४ गेल्या बुधवारी, २८ ऑगस्टला आलं. आम्ही अजून ३.६ वर. ३.६ ची देखभाल मे महिन्यातच थांबली, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही येणं बंद. मधली ४.० आणि ४.२ आम्ही "चाललंय ना, मग कशाला हात लावा" म्हणून सोडून दिली होती. (४.१ आणि ४.३ नव्हतेच का, असं आमच्या शिकाऊ मुलाने विचारलं. होते, पण विषम आकडा म्हणजे कच्चा माल, सम आकडा म्हणजे लोकांना द्यायचा.) सर म्हणाले, गणपतीत तसंही कोण काम देतंय, दोन आठवड्यांत उरका.

काय काय हलवायचं ते आधी लिहून ठेवते. पाच लॅपटॉप, त्यातला एक अजून ३२ बिटचा. हवी ती पॅकेट निवडायच्या फिल्टरांची, सगळ्यांनी मिळून वापरायची यादी. आणि आमची लुआ या भाषेतली डिसेक्टर (पॅकेटमधल्या बाइटांचा अर्थ लावणारी) स्क्रिप्ट, जी २०१८ मध्ये मीच लिहिली. कारखान्यातल्या मशीनची माहिती आमचा गेटवे गोळा करतो आणि स्वतःच्या साच्यात सर्व्हरकडे धाडतो. तो साचा वायरशार्कला ठाऊक असण्याचं कारण नाही. स्क्रिप्ट नसली तर समोर नुसते बाइट दिसतात, असली तर मशीन नंबर, स्टेटस, अलार्म कोड असं वाचता येतं.

सर अजूनही याला इथिरिअल म्हणतात. १९९८ पासून तेच नाव होतं, २००६ मध्ये ट्रेडमार्कच्या भानगडीत ते बदलावं लागलं. सरांनी हा बदल मान्य केलेला नाही.

आज सोमवती अमावास्या. ऑफिसच्या मावशींनी बजावलं की आज नवीन काही बसवू नका. त्यांना सांगितलं, ही नुसती चाचणी आहे, तीही माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

बसवलं. उघडल्या उघडल्या खिडकीची मांडणी वेगळी. वर पॅकेटांची यादी, खाली डावीकडे तपशील, उजवीकडे बाइट. हे ४.० पासूनच असं आहे, आम्ही आत्ता बघतोय. जुन्या पद्धतीने एकाखाली एक लावता येतं, सरांच्या लॅपटॉपवर तसंच लावून द्यायचं, नाहीतर महिनाभर ऐकावं लागेल.

३२ बिटच्या लॅपटॉपचा प्रश्न बघितल्या बघितल्या निकालात निघाला. विंडोजसाठी ३२ बिटचं पॅकेज ४.० पासून देतच नाहीत. तो बिचारा ३.६ वरच राहणार. तो टाकून द्या म्हटलं तर सर म्हणतात, त्याला खरा सिरिअल पोर्ट आहे. मुद्दा बरोबर आहे. म्हणजे स्क्रिप्ट अशी हवी की दोन्हीकडे चालेल. हे डोक्यात ठेवायचं.

फिल्टरांची यादी आयात केली. एकतीसपैकी सात लाल. सातही एकाच कारणाने: महिरपी कंसात पोर्ट नंबर लिहिताना आम्ही मध्ये नुसती मोकळी जागा सोडत होतो. ३.६ चालवून घ्यायचं, ४.० पासून स्वल्पविराम लागतोच. पाच मिनिटांचं काम. मुलाला करायला दिलं, त्याने चाळीस मिनिटं लावली, कारण त्याने प्रत्येक फिल्टर म्हणजे काय हे विचारून घेतलं. चांगलं केलं. एक फिल्टर कशासाठी आहे हे मलाही सांगता आलं नाही. तो काढून टाकला.

त्याला पडलेला आणखी एक प्रश्न, जो प्रत्येक नवीन माणसाला पडतोच: कॅप्चरच्या (पॅकेट पकडण्याच्या) आधी लिहायचा फिल्टर आणि नंतर लिहायचा फिल्टर यांची भाषा वेगळी का? कारण पहिला मुळात वायरशार्कचा नाहीच. तो टीसीपीडंप या जुन्या साधनाच्या घराण्यातला, पॅकेट पकडणाऱ्या लिबपीकॅप लायब्ररीचा. तो पॅकेट आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं एवढं ठरवतो, तेही वेगात, म्हणून त्याची भाषा तुटक. दुसरा आत आलेल्या पॅकेटची चिरफाड झाल्यावर चालतो, म्हणून त्याला प्रत्येक फील्डचं नाव माहीत असतं. ४.४ मध्ये एक सोय आहे, डिस्प्ले फिल्टर (म्हणजे हा दुसरा) लिहून तो कॅप्चर फिल्टर म्हणून कॉपी करता येतो. मॉडबसचा (कारखान्यातल्या मशीनच्या आपसातल्या भाषेचा) ५०२ पोर्ट देऊन बघितला, नीट झाला. आमच्या स्क्रिप्टमधल्या फील्डचा अर्थातच होत नाही. लिबपीकॅपला आमची मशीन कुठून ठाऊक असणार.

४ सप्टेंबर, बुधवार

आज स्क्रिप्ट. लोड झाली, एकही तक्रार नाही. मनात म्हटलं, सुटलो. मग जुनं एक कॅप्चर उघडलं, आणि काही पॅकेटांच्या तपशिलात लाल पट्टी: लुआ एरर, 'नंबर हॅज नो इंटिजर रिप्रेझेंटेशन'. सगळ्या पॅकेटांत नाही. एकाच मशीनच्या पॅकेटांत.

पहिली प्रतिक्रिया तीच, जी सगळ्यांची असते: नव्या व्हर्जनने आपलं मोडलं. आणि वरवर पाहता कारणही तयार. ४.४ मध्ये लुआ ५.४ आहे, ५.१ आणि ५.२ ला रजा दिली. सरांना तसं सांगूनही टाकलं. ते जेवायच्या आधी. जेवून आल्यावर ओळ नीट वाचली.

आमच्या फ्रेममध्ये (गेटवेच्या एका निरोपात) बाइट ० पासून मोजलं तर ८ व्या जागी स्टेटस पॉइंट (मशीनच्या चालू-बंद खुणा) किती आहेत तो आकडा असतो. ९ पासून स्टेटस, एका पॉइंटला एक बिट. त्यानंतर दोन बाइटचा अलार्म कोड, शेवटी चेकसम (तपासणीचा आकडा), जो आम्ही दाखवत नाही. पॉइंट १६ असतील तर स्टेटसला २ बाइट. म्हणून मी लिहिलं होतं: पॉइंट भागिले ८. २०१८ मध्ये आमच्याकडे ८, १६ आणि २४ पॉइंटची मशीन होती. भागाकार नेहमी पूर्ण जायचा.

१२ पॉइंटचं मशीन आलं २०२३ मध्ये. १२ भागिले ८ म्हणजे १.५.

दीड बाइट! लुआ ५.२ मध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक असा भेदच नव्हता, संख्या म्हणजे संख्या. स्क्रिप्टने दीड बाइट मागितले की आत सी भाषेतल्या कोडकडे जाताना तो अपूर्णांक कापला जायचा. कसा कापला जाईल, तर ५.२ च्या मॅन्युअलमध्ये चक्क म्हटलंय की ते ठरलेलं नाही. आमच्याकडे १.५ चा १ होत होता. ५.३ पासून पूर्णांक हा वेगळा प्रकार झाला, आणि जिथे पूर्णांक हवा तिथे दीड दिला तर लुआ सरळ नाही म्हणते. ६ भागिले २ म्हणजे ३.० सुद्धा चालवून घेते, कारण त्यातून ३ काढता येतो. दीडमधून काढणार काय?

थोडक्यात, ४.४ ने काही मोडलेलं नाही. मोडलेलं आमच्याकडेच होतं आणि जुनं व्हर्जन ते पोटात घालत होतं. सरांना दिलेलं विधान मागे घेतलं. ते म्हणाले, "लिहून ठेवा." ठेवलं.

दुरुस्ती एका ओळीची. पॉइंटमध्ये ७ मिळवायचे, मग ८ ने भागायचं आणि खालचा पूर्णांक घ्यायचा. ५.४ मध्ये दोन तिरप्या रेघांचा पूर्णांक भागाकार आहे, दिसायला छान, पण ५.२ ला तो वाचताच येत नाही, अख्खी स्क्रिप्टच लोड होत नाही. ३२ बिटवाल्या म्हाताऱ्यासाठी मॅथ.फ्लोअर वापरलं. दोन्हीकडे चालतं. ८, १२, १६, २० आणि २४ अशा पाच आकड्यांवर तपासलं. २० मुद्दाम. उद्या तसं मशीन आलं तर पुन्हा हेच नको.

मॉडबसमध्ये कॉइल (एकेका बिटाच्या चालू-बंद किमती) वाचतानाही हेच गणित असतं, बाकी उरली की एक बाइट जास्त. हे मला माहीत होतं. कॉलेजात शिकवतात. मी स्वतः शिकाऊ मुलांना शिकवते.

५ सप्टेंबर, गुरुवार

भोसरीच्या कारखान्यात मिरर पोर्ट (स्विचवरच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा पोर्ट) लावायला गेले. हेच ते १२ पॉइंटवालं मशीन असलेलं ठिकाण. खरा ट्रॅफिक घेऊन दुरुस्त स्क्रिप्ट बघायची होती.

सिव्हिल कोर्टहून मेट्रो. भोसरी स्थानक भोसरीत नाही, नाशिक फाट्यावर आहे, हे नवीन माणसाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. पाटी एक, जागा दुसरी. तिथून पुढे रिक्षा.

गेटवर पोचल्यावर आठवलं, आज गुरुवार. भोसरी एमआयडीसीची सुट्टी. मेंटेनन्सचे मामा तेवढे होते, कारण मशीन बंद असतात तेव्हाच त्यांचं काम सुरू. म्हणाले, "मॅडम, सुट्टीच्या दिवशी ट्रॅफिक बघायला आलात?" त्यात मुलगा हसला, म्हणून मलाही हसावं लागलं.

तरी निम्मं काम झालं. स्विचवर मिरर पोर्ट लावला, बरोबर नेलेला छोटा पीसी पॅनेलमध्ये ठेवला. वायरशार्कबरोबरच येणाऱ्या डंपकॅपला ५० एमबीच्या २० फायली फिरवत ठेवायला सांगितलं, म्हणजे एक जीबी भरलं की सगळ्यात जुनी फाइल जाते. वायरशार्कची खिडकी तासन्‌तास उघडी ठेवून कॅप्चर करायचं नाही, मेमरी भरून पडते, हे मुलाला दाखवलं. पॅकेट पकडायचं काम मुळात डंपकॅपच करतो, वायरशार्क फक्त बघतो.

बंद कारखान्याचं नेटवर्क मी पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं. दर दोन सेकंदांनी स्विचचा स्पॅनिंग ट्रीचा (जाळ्यात पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणून चालणारा) हुंकार. मधूनच कुणीतरी एआरपीने विचारतं, अमुक पत्ता कोणाचा? उत्तर येत नाही. थोड्या वेळाने तोच परत विचारतो. मुलगा म्हणाला, "ताई, हा दुपारच्या झोपेत बडबडतोय." मामांनी चहा आणला. पॅनेलमधून मशीनकडे जाणाऱ्या करड्या केबलवर हात ठेवून म्हणाले, "ही आपण ओढलेली. आठवतंय ना?" म्हटलं, आठवतंय. चाळीस मीटर, जुलैच्या पावसात.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका. अर्धं ऑफिस उपाशी, मीही. कारखाना चालू झाल्यावर दुरून फायली ओढल्या. लाल पट्टी एकही नाही. १२ पॉइंटवाल्या मशीनचे अलार्म सगळे शून्य, मशीनच्या पडद्यावरही शून्य. जुळलं. साडेतीनलाच निघाले, पेठेत मांडवांमुळे रस्ते बंद व्हायच्या आत.

९ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी-रविवारी घरी गणपती, दीड दिवसाचे. रविवारी रात्री भांडी घासताना एकदम १०२४ आठवला.

जून २०२३. याच मशीनची रीडिंग अधूनमधून गायब व्हायची. आम्ही कॅप्चर घेतलं, तर अलार्म कोड १०२४ दिसला. काही सेकंद यायचा, जायचा. मशीनच्या पुस्तकात १०२४ नावाचा अलार्मच नाही. सर्व्हरच्या नोंदीतही नाही. आम्ही तिघांनी पॅनेलसमोर उभं राहून निदान केलं: मशीन ते गेटवे या आरएस-४८५ च्या (सिरिअल जोडणीच्या) केबलची शील्ड (नॉइज अडवणारं धातूचं आवरण) कुठेतरी तुटलीय, मोटारीचा नॉइज येतोय, बिट उलटतोय. १०२४ मध्ये एकच बिट १ असतो, म्हणून तर हे निदान आम्हाला फारच देखणं वाटलं. मामा म्हणत होते केबल चांगली आहे, मी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारून बघितलीय. आम्ही म्हटलं, मेगरला नॉइज दिसत नाही. केबल बदलली.

आज सकाळी जुनी फाइल काढली. अलार्म १०२४ असलेलं पॅकेट घेतलं, स्क्रिप्ट बंद केली आणि बाइट हाताने मोजले. ९ व्या जागी पहिले आठ पॉइंट. १० व्या जागी ०४. ११ आणि १२ व्या जागी ००, ००. खरा अलार्म शून्य. माझी स्क्रिप्ट स्टेटसला एकच बाइट देऊन अलार्म १० पासून वाचत होती: ०४, ००. म्हणजे ४ गुणिले २५६. म्हणजे १०२४.

आणि ते ०४ काय? दुसऱ्या स्टेटस बाइटमधला तिसरा बिट, म्हणजे ११ वा पॉइंट. यादीत बघितलं. ११ वा पॉइंट: मशीनचा दरवाजा उघडा.

ऑपरेटर तयार झालेला भाग काढायला दार उघडत होता.

यातलं सगळ्यात लाजिरवाणं वेगळंच आहे. मशीन ते गेटवे मॉडबस आरटीयू (मॉडबसचं सिरिअल रूप) आहे, प्रत्येक फ्रेमला सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) असतो. बिट उलटला असता तर सीआरसी चुकला असता आणि गेटवेने फ्रेम टाकून दिली असती. उलटलेला बिट गुपचूप आत येऊन टीसीपीवरून सर्व्हरकडे जाणं जवळपास अशक्य. हे तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणणारी व्यक्ती मीच असायला हवी होती.

मग केबल बदलल्यावर रीडिंग गायब होणं थांबलं कसं? बिलं आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो चाळले. केबल बदलताना मामांनी टोकाचा १२० ओमचा रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत उलटू नये म्हणून लावतात तो) काढून नवीन बसवला होता, जुन्याचा एक पाय टर्मिनलमध्ये नुसता टेकलेला. फोटोत स्पष्ट दिसतंय. दुखणं ते होतं. फ्रेम गळत होत्या आणि त्या गळण्याचा १०२४ शी काही संबंध नव्हता. पण तक्रार थांबली म्हणून निदान खरं ठरलं, आणि फाइल बंद झाली.

केबल बदलल्यानंतरचंही एक कॅप्चर आहे, त्याच दिवशी संध्याकाळी घेतलेलं. ३.६ वर, जुन्या स्क्रिप्टने उघडलं. १०२४ तसाच आहे, सहा वेळा. त्या दिवशी ते कुणी उघडून बघितलंच नव्हतं.

११ सप्टेंबर, बुधवार

घरोघरी गौरी जेवतायत, ऑफिसात आम्ही दोघंच. राहिलेल्या नव्या गोष्टी बघितल्या.

प्रोफाइल आपोआप बदलण्याची सोय कामाची. प्रत्येक प्रोफाइलला एक फिल्टर जोडायचा, फाइल उघडल्यावर त्यात तशी पॅकेट सापडली की वायरशार्क ते प्रोफाइल लावतो. आमच्याकडे प्रत्येक कारखान्याचं प्रोफाइल वेगळं, कॉलम वेगळे, रंग वेगळे, आणि चुकीच्या प्रोफाइलमध्ये फाइल उघडून डोकं खाजवत बसणं हा आमचा जुना उद्योग. गेटवेच्या पत्त्यावर फिल्टर लावले, दोन कारखान्यांना चाललं.

कॉलममध्ये आता नुसतं फील्ड नाही, हिशेबही मांडता येतो. मी आमच्या फ्रेमचे ९ ते १२ हे चार बाइट कच्चे, अर्थ न लावता, एका कॉलममध्ये काढले. शेजारी स्क्रिप्टने लावलेला अर्थ. जुन्या फाइलवर लावून बघितलं: एका कॉलमात १०२४, शेजारी उघडे बाइट. वर-खाली सरकवलं की चूक पोरालाही दिसते. पोराला दिसलीच. "ताई, हे तर लगेच कळतंय." हो बाबा.

हा कच्च्या बाइटांचा कॉलम सगळ्या प्रोफाइलमध्ये कायमचा ठेवायचा. सर म्हणाले जागा खातो. खाऊ दे.

आलेखांच्या खिडक्या सुधारल्यात म्हणतात. आम्ही फारसे वापरत नाही, पुढे बघू.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चार लॅपटॉप ४.४ वर. पाचवा ३.६ वर, झाकणावर कागद चिकटवला: 'फक्त सिरिअलसाठी, इंटरनेटला लावू नये'. स्क्रिप्टसोबत पाच चाचणी फायली ठेवल्या, स्क्रिप्टला हात लावणाऱ्याने त्या उघडून बघितल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही.

२०२३ च्या अहवालाला पुरवणी लिहिली, दीड पान. केबलचा खर्च कारखान्याने भरला होता. सरांशी बोलले. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले पुढच्या देखभालीच्या बिलातून वजा करा. मामांना मात्र पत्राने कळवायचं नाही असं मी ठरवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

विसर्जनाची मिरवणूक सकाळीही चालूच. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला जायचा प्रश्नच नाही, मागच्या गल्ल्यांतून मेट्रो गाठली. कानात अजून ढोल.

छोटा पीसी परत आणायचा होता. मामांना पॅनेलपाशीच सगळं सांगितलं. कागदावर बाइट मांडून दाखवले, दरवाजा उघडून दाखवला, पडद्यावर ०४ आला, बंद केला, गेला. त्यांनी दरवाजा आणखी दोनदा उघडबंद करून खात्री करून घेतली. म्हटलं, "मामा, केबल चांगली होती. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. चूक माझी होती."

म्हणाले, "चांगली होतीच की. टाकली कुठे मी."

मला स्टोअरच्या मागे घेऊन गेले. कंपनीच्या गणपतीचा मांडव उतरवायचं काम चालू होतं. स्पीकर, माइक, आणि जमिनीवर नीट वेटोळं करून ठेवलेली जुनी करडी केबल, दोन्ही टोकांना माइकच्या पिना लावलेल्या.

"दोन वर्षं आरती हिच्यावर चाललीय. बाजूला कॉम्प्रेसर, पलीकडे वेल्डिंग. खरखर म्हणून नाही."

पीसी घेतला, सही केली. मिरर पोर्ट काढायचा राहिला होता, तो काढायला परत आत गेले.